कडी

बाजाराच्या दिवशी दिग्रसला
खरवडे सराफाच्या पायरीवर मी बसतो.
गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, आता पेन्शनीत;
लसीच्या रिकाम्या डब्यांतून नाणी ठेवतो,
आणि तांड्यावरच्या बाया मोडायला काय आणतात
ते मुशीत जायच्या आधी एकदा
मला पाहू देतात खरवडे,
चहाच्या बदल्यात.

धमलीबाई मोडायला आली नव्हती.
कांचळीवरच्या सरातली एक कडी सुटत आली होती,
तेवढी जोडून पाहिजे होती तिला.
बाकी सगळे राणीछाप, राजाछाप,
राजाराणीचं नाकसुद्धा उरलं नव्हतं कुणावर.
आणि सुटू पाहणारा तो एक
मुळात रुपयाच नव्हता.

भिंग लावलं.
पायाशी सूर्य. झेंडा अंगाभोवती घेऊन
चालत निघालेली बाई,
एक हात पुढे, दुसऱ्या कवेत डहाळ्या.
अमेरिकेचा अर्धा डॉलर.
साल, अंगठ्यानं घाम पुसून पाहिलं,
एकोणीसशे एकवीस.

माझ्या झेरॉक्सच्या कॅटलॉगात
त्या सालाभोवती लाल पेनाचा गोल आहे.
बारा वर्षांपूर्वी केलेला.

"कोठी चाल्ली व्हय रे भाऊ हे?"
धमलीबाई माझ्या खांद्यावरून वाकून.
मी म्हणालो, नाव तिचं स्वातंत्र्य.
"अन् मोळी घिऊन?"

वर कमानीत तिचं नाव असतं कोरलेलं.
मधली अक्षरं कडीच्या डागाखाली गेलेली.
सोनाराच्या भाषेत तो डाग,
माझ्याही भाषेत डागच.
नाणं पालथं केलं तर पक्षी उलटा,
डोकं खाली, झाडाला टांगलेल्या वाघळासारखा;
आणि काठाशी जिथं टांकसाळीचं अक्षर शोधायचं
नेमका तिथंच डागाचा ओघळ.
अक्षर असलं तर एक भाव, नसलं तर दुसरा,
आणि कडी आहे म्हणून
दोन्ही नाहीत.

तिला हे सांगितलं. कुणी अमेरिकन सायबानं
जिनिंगमध्ये तिच्या सासूच्या सासूला दिलं म्हणतात,
कुणी म्हणतात मिशनच्या डाक्टरणीनं;
ज्यानं दिलं त्यानं कोरं दिलं होतं.
ही कडी नसती ना बाई, म्हणालो,
तर आज याचे...

"कडी नसती तं आज हे असतं कोठी?"
तिनं विचारलं, भांडायला नाही,
जसं दवाखान्यात विचारायच्या,
बैल उठंन का म्हणून.

खरवड्यांनी तोललं, एका पारड्यात राणीछाप,
दुसऱ्यात ही चालणारी.
हिचं पारडं इवलंसं खाली.
शंभरात नव्वद चांदी, म्हणाले, डाग वजा जाता,
आणि बोटांवर मोडीचा भाव काढून
माझ्याकडे न बघता तिला सांगितला.
तिनं ऐकून घेतला.
मग फुंकणी, सवागी, निळी जीभ ज्योतीची;
जुन्या डागावर नवा डाग,
आधीपेक्षा जाड.
चाळीस रुपये तिनं कनवटीचे मोजून दिले.

मिरच्यांच्या ढिगांमधून ती गेली
तेव्हा सगळे मिळून वाजत होते.
त्यातला तो कुठला, ते मी कान देऊन ऐकलं
बस स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत.
नाही कळलं.

माझ्याकडे आहे एक तसलंच.
नागपूरच्या प्रदर्शनात घेतलेलं, त्रेचाळीसचं, सोपं साल.
नाव अख्खं, झेंड्याची घडीन् घडी दिसते,
प्लॅस्टिकच्या पाकिटात, बोटसुद्धा न लावलेलं.
रात्री डबा काढला. पाकीट फाडलं.
अंगणातल्या फरशीवर, वीतभर उंचीवरून,
टाकून पाहिलं एकदा.

शेळीनं मान वर केली.
आतून बायको म्हणाली, काय पडलं?